जाग्याची कापणी

"ओ भाई, आमचं घर घेता का इकत?"

प्रश्न कुणालीच्या तोंडून खणखणीत सुटला आणि मागं एसटी स्टँडच्या कट्ट्यावर दिपिका नि चिमी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज लागली होती. टेम्पोवाल्याला हे विचारायचं, मोठ्या आवाजात आणि न हसता. विचारलंस तर महिनाभर एसटीतली खिडकी तुझी, असं दिपिका म्हणाली होती. वर हेही म्हणाली होती, की तुझ्यात दम नाय. दम नाय म्हटलं की कुणालीच्या अंगात वारं शिरायचं. पंधरा ऑगस्टला सगळ्या हायस्कूलपुढं तिनं कागद न घेता भाषण ठोकलं होतं, आणि सर म्हणाले होते, पोरीला तोंड आहे. तेव्हापासून ते तोंड मिटायलाच तयार नव्हतं. वर्गात पहिला हात तिचा वर जायचा, आणि कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडायलाही तीच पुढं व्हायची.

टेम्पोत काळे पडलेले वासे होते, चौकटीसकट काढलेले दरवाजे होते, आणि पेंढ्यात उभी लावलेली जुनी कौलं. चालकाच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला म्हातारासा माणूस फुटाणे खात बसला होता. कानावर पेन्सिल. तो हसला असता, निदान खेकसला असता, तर पैज तिथंच संपली असती. पण तो हसला नाही.

"खांब कशाचे?" त्यानं विचारलं.

"सागाचे."

"खोटं बोलतेस. वाडीवरची ना तू? वाडीत सागाचे खांब कुठून?"

आता हे कुणालीला झोंबलं. "माझ्या बाबानं जुन्या शाळेचं छप्पर उतरवलं होतं. मजुरी घेतली नाय, खांब मागून घेतले. या बघायला! नख रुततं का बघा!"

"येतो की," म्हातारा म्हणाला, आणि टेम्पो निघून गेला.

दिपिका डोळे पुसत म्हणाली, "अगो, खरंच येईल तो! देवजीभाई हाय तो. मुरबाडला वखार हाय त्याची. आमच्या पप्पांकडं बसायला येतो."

"येऊ दे. चहा पाजीन," कुणाली म्हणाली आणि पायरीवरून उडी मारून एसटीत चढली. खिडकीशी जाऊन बसली. घरापर्यंत गाणं म्हणत आली.

*

देवजीभाई दोनच दिवसांनी आला.

वाडी गावाच्या टोकाला, माळावर. चौदा घरं. तेरा घरांचे खांब जंगलातले, वाकडेतिकडे, जसे मिळाले तसे. चांगोच्या घराचे मात्र सरळ, चौकोनी, तासलेले सागाचे खांब. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या; पण वर मंगलोरी कौलं. चांगोनं हे घर तीन उन्हाळे खपून उभं केलं होतं. आढं चढवताना त्याच्या उजव्या खांद्याचा सांधा निखळला तो पुन्हा नीट बसला नाही. अजून तो त्या हातानं पाण्याचा हंडा उचलत नसे. पण खांबाला पाठ लावून बसला की वाडीतल्या लोकांना तो थोडा उंच दिसायचा.

देवजीभाईनं बोटाच्या पेरानं एकेक खांब वाजवून पाहिला. नख लावलं. टेप काढली, मापं घेतली, आणि खडूनं प्रत्येक खांबावर आकडा घातला. जिवली चुलीपुढून उठून बघत राहिली.

"काय चाललंय हे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मला काय म्हाईत. ओ भाई, कोणी बोलावलं तुमाला?"

"पोरगी बोलली. घर काढताय म्हणाली."

जिवलीनं कुणालीकडं वळून पाहिलं. "आये, गंमत केली होती गो. पैज होती."

"काढावं तर लागणारच ना," देवजीभाई टेप गुंडाळत सहज म्हणाला. "भगीरथशेठनं माळ दिला ना पार्टीला. फार्महाउस होणार. तुम्हाला बोलला नाही?"

चुलीवरचा भात उतू गेला तरी जिवलीचं लक्ष गेलं नाही.

"अरे, पण घाई नका करू," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी मामासारखा मऊ होता. "पावसाचं पाणी प्यायलेलं लाकूड. आत्ता उतरवलं तर पीळ पडेल, चीर जाईल. शिमग्याला सुकून खणखणीत होईल. शिमग्यानंतर जो तो घर शाकारतो, कौलाला मागणी. तेव्हा भाव. मी कुठं पळून चाललो?"

तो गेल्यावर वाद सुरू झाला आणि मग दिवाळी जवळ येईतो तो थांबलाच नाही. चूल पेटली की वाद, भाकरी संपली की वाद.

जिवलीचं म्हणणं सरळ होतं. "आजच काढू. आपल्याला कळलंय, बाकी तेरा घरांना नाय कळलं. सगळी वाडी एकदम इकायला बसली तर हा आपले खांब जळणाच्या भावात मागंल. टोकावड्याला दादानं त्याच्या घराशेजारची जागा देतो म्हटलंय, गावठाणातली हाय, कोणी उठवायचा नाय. हे इकून तिथं चार पत्रे नि विटा होतील. डोक्यावर काय तरी होईल."

"लाकडातलं तुला काय कळतंय?" चांगो म्हणायचा. "ओल्या लाकडाला भाव नाय. शिमगा होऊ दे."

"तुला तरी काय कळतंय? त्यानं सांगितलं म्हणून सांगतोस."

"मी उभं केलंय ना घर? कवा उतरवायचं ते मी ठरवीन."

कुणाली मधे तोंड घालायची. "आयेचं बरोबर हाय, बाबा. पहिला इकतो त्याला भाव. आमच्या अर्थशास्त्राच्या धड्यात हाय, माल जास्त आला की—"

"तू गप गो! तुझ्याच तोंडानं आणलाय तो घरात!"

कुणाली गप व्हायची. तासभर.

*

भगीरथशेठच्या शेतात भात पिकून आडवं व्हायला आलं तेव्हा वाडीला बोलावणं आलं. कापणीचा पहिला दिवस जाग्याचा असायचा. भगीरथच्या आज्यानं या लोकांना माळावर बसू दिलं, तेव्हापासूनची रीत होती: चौदा घरांतल्या नवरा-बायकोनं पहिला दिवस फुकट कापायचं. त्या दिवशी मजुरी नाही, शेताच्या मालकाकडची भाकरीसुद्धा नाही. भाकरी आपली आपण न्यायची, पाणी आपलं. तो दिवस कापला की वर्षभर घराखालची जमीन आपली. त्याला वाडीत जाग्याची कापणी म्हणत. कोणी आजारी असलं तर भावाला धाडी, पोरीला धाडी, पण तो दिवस चुकवत नसे.

शाळेला सुट्टी लागली होती म्हणून कुणालीही गेली. कंबरेत वाकून सकाळपासून कापत होती. पावसानंतरचं ऊन मानेवर बसलं होतं. भाताची पाती पोटऱ्यांवर ओरखडे काढत होती आणि घामानं ते चरचरत होते. चिमी तिच्या शेजारच्या ओळीत होती.

"भाषण कर ना आता," चिमी म्हणाली. "माझ्या बंधू आणि भगिनींनो, कंबर मोडली!"

"अध्यक्ष महोदय, इळ्याला धार नाय!" कुणाली ओरडली, आणि सगळ्या बायका वाकल्या वाकल्या हसल्या.

दुपारी भगीरथ बांधावर आला. गुडघ्यापर्यंत पॅंट दुमडलेली, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली. आज त्यानं घरून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणवली होती. वाडीतली माणसं भाकरीकडं बघतच राहिली.

चांगो पुढं झाला. "शेठ, एक इचारायचं होतं. माळ दिलात म्हणे?"

"दिला रे, चांग्या. काय करणार, मुलीचं शिक्षण, भावाचा वाटा. पण तुमाला कोण उठवतंय? सणासुदीला घर मोडून जाल, मला बरं वाटंल का? शिमग्यापर्यंत राहा. बिनधास्त राहा. मग बघू."

"बघ!" चांगो जिवलीकडं वळून म्हणाला.

आणि संध्याकाळी आणखीच नवल झालं. भारे बांधून झाल्यावर भगीरथनं सगळ्यांना रांगेत बसवलं आणि ज्याच्या त्याच्या हातात दिवसाची मजुरी ठेवली. जाग्याच्या कापणीच्या दिवशी मजुरी! म्हातारी गिरजा तर हात मागंच घेत होती. "शेठ, आजचा जाग्याचा."

"असू दे गो म्हातारे. काळ बदलला. फुकट राबवलेलं आवडत नाय मला. घे."

गिरजानं घेतली. सगळ्यांनीच घेतली. जिवलीनं पैसे कमरेच्या पिशवीत सरकवले आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरची आठी सुटली. वाटेत तिनं दुकानातून सुके बोंबील घेतले. त्या रात्री वाडीतल्या चुलींवर बोंबलाचा वास होता. चांगो खांबाला पाठ लावून बसला होता.

"माणूस बदलतो गो," तो म्हणाला. "शिमग्यापर्यंत राहा म्हणला. मजुरी दिली. तू उगाच घायकुती करतेस."

जिवलीनं त्याला आणखी एक तुकडा वाढला. बोंबील चांगला झाला होता.

*

चार दिवसांनी कुणाली आणि चिमी करवंदीच्या जाळीमागं सरपण गोळा करून येत होत्या. पोश्याच्या घरापाशी कुणाली थांबली. पोश्या बायकापोरं घेऊन कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर गेला होता, पावसाच्या आधीच. दाराला कुलूप. दिवाळीलाच येणार होता.

पण त्याच्या पडवीच्या खांबावर खडूचे आकडे होते.

"चिमे, हे बघ."

"काय? आमच्या पण पडवीत हायत. मी म्हटलं पोरांनी काढलं असंल."

कुणालीनं सरपणाची मोळी खाली टाकली. ती गिरजाच्या घराकडं पळाली, मग पलीकडच्या, मग त्याच्या पलीकडच्या. चौदाही घरांवर आकडे. कोणी शेतावर होतं, कोणी बाजाराला, तेव्हा येऊन घातलेले. पण पोश्याचं काय? पोश्याच्या घरात तर कुत्रंही नव्हतं. मग देवजीभाईनं कोणाला विचारून माप घेतलं? कोणी तरी विकत होतं आणि तो पोश्या नव्हता.

ती सरळ खळ्यावर गेली.

खळ्यावर झोडणी चालू होती. बायका आणि बाप्ये फळीवर भारे आपटत होते, दाणे उडत होते, कुसळं अंगाला चिकटत होती. चांगो डाव्या हातानंच झोडत होता. बाजूला खाटेवर भगीरथ बसला होता, आणि त्याच्या शेजारी, बशीत चहा ओतून फुंकर घालत, देवजीभाई. कुणालीच्या पायात चप्पल नव्हती, केसांत काटक्या होत्या. पंधरा ऑगस्टचा आवाज तिनं काढला.

"देवजीभाई! पोश्याच्या घराचं लाकूड तुमी पोश्याकडून घेणार का शेठकडून?"

फळीवरचे भारे एकेक करून थांबले.

देवजीभाईनं बशी खाली ठेवली. त्यानं भगीरथकडं पाहिलं, भगीरथनं दुसरीकडं.

"सांगा ना. आणि आमचं? आमचं आमच्याकडून घेणार ना? शिमग्याला?"

"बेटा," देवजीभाई खाली बघत म्हणाला, "मी व्यवहार जागेवाल्याशी करतो. सगळा माल एकदम उचलायचा. एकेका घराशी घासाघीस मला परवडत नाही."

"काय बोलतंय हे?" चांगो हातातला भारा तसाच धरून पुढं आला. "शेठ, काय म्हणतायत हे?"

"अरे, त्यात काय," भगीरथ उठला नाही. "पार्टीला जागा मोकळी पाहिजे. जाग्यावर जे उभं ते जाग्याचं. झाडं असतील, दगड असतील—"

"आमचं घर काय झाड हाय का?" कुणाली ओरडली.

"चांग्या, पोरीला आवर."

"शेठ, जागा तुमची," चांगो म्हणाला. "पण घर माझं. माझे खांब. वर्षाला जाग्याची कापणी करतो आमी. माझा बा करीत होता. एक वर्ष चुकवली नाय."

"यंदा केलीस?"

चांगोच्या हातातला भारा खाली आला.

"केलीस का यंदा? मजुरी घेतलीस ना? तुझ्या बायकोनं मोजून घेतली, सगळ्या गावादेखत. भाकरी पण खाल्ली. मग जाग्याची कापणी कोणी केली? कोणीच नाय केली. तुमीच रीत मोडली, मी नाय मोडली. तरी मी म्हटलं, शिमग्यापर्यंत राहा. ते माझ्या चांगुलपणानं. आणि तुमी पोरीला पुढं घालून भांडायला येता?"

म्हातारी गिरजा मटकन खाली बसली, दाण्यांच्या राशीतच. "मी म्हणत होते ना," ती पुटपुटली, "आजचा जाग्याचा, आजचा जाग्याचा…" जिवलीचा हात आपोआप कमरेच्या पिशवीवर गेला. पिशवीत त्यातलं आता काही नव्हतं.

"तक्रार करू," कुणाली म्हणाली. "तहसीलदाराकडं जाऊ. सरांना सांगते मी."

"जा की," भगीरथ म्हणाला. "शहापूरची एसटी साडेनऊला असते."

कोणी हसलं नाही. मग हळूहळू एकेकानं भारा उचलला आणि पुन्हा झोडायला सुरुवात केली, कारण आजचा दिवस अर्धा झाला होता आणि अर्ध्या दिवसाची मजुरी मिळत नाही. चांगोनंही झोडलं. आता दोन्ही हातांनी. प्रत्येक फटक्याला त्याचे ओठ आवळत होते.

संध्याकाळी टेम्पोत चढता चढता देवजीभाई जिवलीपाशी थांबला. त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ बाई. मला लाकडाशी मतलब. उतरलेला माल ज्याच्या हातात त्याचा. माझ्या वखारीच्या दारात तू आणलास तर पैसे तुला. पण दिवाळीच्या आत. दिवाळीला मी शेठला बयाणा देणार, मग माझा शब्द बांधला गेला." आणि जरा थांबून म्हणाला, "पोरीनं विचारलं नसतं तर बरं झालं असतं."

*

"उद्याच," जिवली म्हणाली. घरात शिरल्या शिरल्या. "उद्या कौलं, परवा खांब. दादा टोकावड्याहून टेम्पो घेऊन येईल. सगळ्यांना सांगते, सगळेच उतरवतील. तो एकटा काय करील?"

चांगो चुलीपाशी बसून खांदा शेकत होता. "नाय."

"नाय म्हणजे?"

"शिमग्याला उतरवू. आत्ता लाकूड ओलं हाय."

जिवलीनं हातातला तांब्या आपटला. "अरे, शिमग्याला काय उतरवशील? हवा? तुला ऐकू आलं नाय का खळ्यावर?"

"तक्रार करू. पोरगी म्हणते तशी. सरांना घेऊन जाऊ."

"करू की. वर्ष चालंल. तवर हा खांब उभा राहील का? रातोरात जेसीबी घालतील, तू बस कागद धरून!"

"तरी नाय. ओल्या लाकडाला—"

"लाकडाचं काय सांगतोस मला!" जिवली किंचाळली. "लाकडाचं नाव पुढं करतोस होय? खरं सांग ना! तिच्या परीक्षेसाठी अडून बसलायस, तिला सांग ना! दिवाळीत घर काढलं तर टोकावड्याहून ती शाळेत येणार कशी, सांग ना तिला!"

चांगो चुलीतल्या निखाऱ्यांकडं बघत राहिला.

कुणाली दारात उभी होती. एवढे दिवस ती आयेच्या बाजूनं बोलत होती. बाबाला लाकडातलं कळत नाही, बाबाला व्यवहारातलं कळत नाही, असं ती चिमीला सांगत होती, हसत होती. अर्थशास्त्राचा धडा वाचून दाखवत होती. टोकावडं म्हणजे एक एसटी मुरबाडपर्यंत, दुसरी तिथून इकडं, आणि दुसरी आली तर आली. हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. मामाकडं जायचं म्हणजे नदीवर पोहायला मिळेल, एवढंच तिनं पाहिलं होतं.

"बाबा?" ती म्हणाली.

"दहावी एकदाच असते," चांगो निखाऱ्यांना म्हणाला. "सर म्हणले पोरगी पास होईल. वाडीत दहावी कोण झालंय? मार्चात परीक्षा. तवर घर पाहिजे. मग खांब गेले तरी जाऊ दे."

जिवली खाली बसली. तिनं तांब्या उचलला, सांडलेलं पाणी पदरानं पुसलं.

*

दुसऱ्या दिवशी कुणाली सकाळीच निघाली. आधी वसतिगृहात गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "आता येतेस? जूनमध्ये यायचं होतं. जागाच नाही." सरांच्या घराला कुलूप होतं, सुट्टीत ते गावी गेले होते. चिमीकडं विचारण्यात अर्थ नव्हता. चिमीचं घरही त्याच माळावर, आणि ते पोश्याच्या भावाकडं जाणार होते.

स्टँडवर दिपिका भेटली. तिनं खळ्यावरचं ऐकलं होतं. ती रडवेली झाली होती.

"मला खरंच म्हाईत नव्हतं गो. मी पैज लावली ती गंमत म्हणून. तू आमच्याकडं राहा ना! मी मम्मीला विचारते. आपण बरोबर अभ्यास करू. माझ्या खोलीत. खरंच!"

कुणाली तिच्याबरोबर गेली. दिपिकाचं, म्हणजे भगीरथशेठचं, घर पक्कं, पुढं लांब पडवी, बाजूला गोठा. दिपिकाची आई, निर्मलाकाकी, पडवीत तांदूळ पाखडत होती. दिपिकानं एका दमात सगळं सांगितलं. काकीचं सूप थांबलं नाही.

"खोलीत नको," काकी म्हणाली. "पाहुणे येतात-जातात. पडवीत झोप. गोठ्याचं शेण काढ सकाळी, दोन वेळची भांडी घास. माझी पण कंबर धरते आजकाल. अंगण सारव शनिवारी. एवढं केलंस तर मार्चपर्यंत राहा, माझी ना नाय. यांना मी सांगते."

"मम्मी, अगो ती माझी मैत्रीण हाय—"

"मैत्रीण हाय म्हणूनच ठेवून घेतेय. दुसरी असती तर ठेवली असती का? आणि एक, पोरी." काकीनं पहिल्यांदा वर पाहिलं, आणि आणखी एक अट सांगितली, हळू आवाजात.

दिपिका आत निघून गेली.

कुणालीच्या तोंडात दहा उत्तरं आली, एकाहून एक झणझणीत. भाषणात टाळ्या पडाव्यात अशी. ती म्हणाली, "विचारून सांगते, काकी," आणि पायऱ्या उतरली.

फाटकापाशी भगीरथ मोटारसायकल पुसत होता. त्यानं मान वर करून पाहिलं, पुन्हा पुसू लागला.

गावापासून वाडीपर्यंतचा रस्ता ती रोज पळत यायची. आज चालत आली. कापलेल्या शेतांत भाताचे खुंट वाळत होते, बगळे उतरले होते. तिनं मोठ्यानं त्या उत्तरांपैकी एकेक म्हणून पाहिलं, बगळ्यांना. एक चांगलं होतं. दुसरं त्याहून चांगलं. वाडीच्या वळणावर येईतो ती सगळी संपली.

*

घरात चांगो आणि जिवली दोघंही होती. आज कामावर कोणी गेलं नव्हतं. वाडीतल्या कोणीच गेलं नव्हतं; शेजारच्या घरातून गिरजाच्या खोकल्याचा आवाज येत होता, आणि पलीकडं कोणीतरी कौलावर कौल रचत होतं. जिवली भाकरी थापत होती. चांगो इळ्याला धार लावत बसला होता, उगाचच. कापणी आता राहिली कुठं होती.

कुणाली उंबऱ्यात उभी राहिली. दप्तर नव्हतं तरी तिनं दोन्ही हात खांद्यावरच्या पट्ट्यांवर असल्यासारखे धरले होते.

"बाबा, आये. ऐका. मी ठरवलंय."

"आता काय?" जिवली म्हणाली.

"उद्या घर उतरवायचं. मामाला फोन करा, टेम्पो घेऊन ये म्हणा. कौलांवर मी चढणार. माझं वजन कमी हाय, कौल फुटायचं नाय. बाबाच्या खांद्यावर एक पण वासा द्यायचा नाय, चिमीचे बाबा येतील."

"आणि शाळा?" चांगोनं विचारलं. इळा थांबला.

"शाळा चालू. परीक्षा देणार. मार्चपर्यंत मी दिपिकाच्या पडवीत राहणार. बोलून आलेय."

"भगीरथच्या?" चांगो उठून उभा राहिला. "त्या घरात? त्याचं शेण काढशील?"

"काढीन. भांडी पण घाशीन. अंगण पण सारवीन."

"नाय. माझी पोरगी त्या घरात—"

"बाबा, मी विचारत नाय. सांगतेय." तिचा आवाज फाटला, पण तिनं तो पुन्हा सावरला, जसा भाषणात एक वाक्य विसरल्यावर सावरला होता. "लाकूड वाळायची वाट नाय बघायची. माझी पण वाट नाय बघायची. तुमी टोकावड्याला जा, घर बांधा. मी पास होऊन येते. फक्त, आये—"

जिवलीचा हात भाकरीवर थांबला होता.

"एक ताट दे मला आपलं. नि एक तांब्या. त्यांच्या भांड्यांत नाय देणार म्हणाल्या."